रिपोर्टमध्ये एम२ लिहिलंय म्हणजे दुसरी स्टेज का? भावाला एएमएल (रक्ताचा कॅन्सर) निघालाय

कोरेगावची_ताई

नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय ३१, मे महिन्यात लग्न ठरलंय. गेले तीन आठवडे ब्रश करताना हिरड्यातून रक्त यायचं, जिना चढला की दम लागायचा, मांडीवर निळे डाग. आधी इथल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, मग डेंग्यू असेल म्हणून रक्त तपासलं तर प्लेटलेट १८ हजार आणि पांढऱ्या पेशी ६४ हजार. लॅबवाल्याने स्वतः फोन करून सांगितलं की आजच्या आज पुण्याला न्या.

पुण्यात कंबरेच्या हाडातून मज्जेची तपासणी केली. रिपोर्टात ब्लास्ट ७२ टक्के आणि खाली अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, एम२ असं लिहिलंय. जीन्सचे रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतील म्हणे. परवापासून ७+३ नावाची किमो सुरू करणारेत, उद्या दंडातून लाइन टाकतील. डॉक्टर चांगले आहेत पण राउंडला दोन मिनिटं येतात, मी विचारलं स्टेज कितवी, तर म्हणाले यात स्टेज नसते आणि पुढच्या बेडकडे गेले.

आता घरी दर तासाला फोन येतोय, कितवी स्टेज, कितवी स्टेज. चुलते म्हणतात एम२ म्हणजे सेकंड स्टेज, वेळेत सापडलं, घाबरू नका. मावशीच्या ओळखीतले एक जण म्हणतात रक्तातच आहे म्हणजे सगळीकडे पसरलंय, शेवटचीच म्हणायची. आईला काय सांगू? कुणी यातून गेलं असेल तर साध्या भाषेत सांगा प्लीज, गूगल करून डोकं फुटायची वेळ आलीय.

जुना_खेळाडू

ताई, आधी चुलत्यांचं. एम२ म्हणजे दुसरी स्टेज नाही. आमच्याकडेही हाच घोळ झाला होता, आईच्या रिपोर्टात एम५ होतं आणि मामा रडायलाच लागला की पाचवी स्टेज असते हेच माहीत नव्हतं. १९७६ साली फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश डॉक्टरांनी मिळून या आजाराचे प्रकार पाडले, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून, आणि त्यांना एम१, एम२ असे नंबर दिले (पुढे एम० आणि एम७ची भर पडली). नंबर वाढला म्हणजे आजार वाढला असं काही नाही, एसटीच्या रूट नंबरसारखं समजा. उलट एम३ आज सगळ्यात चांगला बरा होणारा प्रकार आहे. आता डॉक्टर त्या नंबरावर फारसे चालत नाहीत, जीन्स बघतात, पण लॅबवाले सवयीने लिहितात.

आता मावशीच्या ओळखीतल्यांचं. स्टेज ही गोष्ट गाठीच्या कॅन्सरसाठी आहे. गाठ केवढी, शेजारच्या लसिका ग्रंथीत गेली का, लांब यकृतात फुप्फुसात गेली का, यावरून पहिली ते चौथी. हा आजार मज्जेत सुरू होतो, मज्जा कंबरेत, छातीच्या हाडात, मणक्यात सगळीकडे असते आणि रक्त तर फिरतंच. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो सगळीकडेच असतो. म्हणून 'पसरलंय का' या प्रश्नाला इथे अर्थ नाही, आणि सगळीकडे आहे म्हणून शेवटची असंही नाही. डॉक्टर बरोबर बोलले, फक्त पुढचं वाक्य बोलायला त्यांना वेळ नव्हता.

ते पुढचं वाक्य असं की स्टेजच्या जागी दोन गोष्टी बघायच्या. एक, रिस्क. ती क्रोमोझोम आणि जीन्सच्या रिपोर्टवरून ठरते, तीन कप्पे असतात, चांगला, मधला आणि वाईट. तुम्ही ज्याची वाट बघताय तोच तो रिपोर्ट, आणि खरं सांगायचं तर ब्लास्ट, म्हणजे मज्जेतल्या कच्च्या बिघडलेल्या पेशी, ७२ टक्के आहेत का ४० यापेक्षा तो रिपोर्ट जास्त महत्त्वाचा, कारण २० टक्क्यांच्या वर गेलं की निदान तेच. दुसरी गोष्ट, पेशंट उपचारात कुठे आहे. नुकतं निदान झालंय, किमोनंतर रेमिशन आली, किमो देऊनही आली नाही, की येऊन परत आजार उलटला. रेमिशन म्हणजे मज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली, प्लेटलेट लाखाच्या वर, लढणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल हजाराच्या वर, आणि बाहेरचं रक्त लागत नाही. रेमिशन म्हणजे बरा झाला असं नव्हे हेही आताच सांगून ठेवतो, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो.

माझी आई ७१ वर्षांची होती, तिला ७+३ झेपलं नसतं. तिला अझासिटिडीनची सात दिवस पोटावर इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या, असं महिन्याला एक चक्र. गोळ्या १००, २००, ४०० अशा चढवत नेतात, आणि बुरशीचं औषध चालू असेल तर डोस एकदम खाली आणतात, पपनस जातीची फळं बंद. २०२० साली या जोडीचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात जगण्याचा मध्यक (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा) नुसत्या अझासिटिडीनवर ९.६ महिने आणि जोडीवर १४.७ महिने. आई १९ महिने होती. त्यातले चौदाएक महिने घरी, स्वतःच्या हाताने पोळ्या लाटत. तुमचा भाऊ ३१चा आहे, त्याचं गणित वेगळं आहे, त्याच्यात बरं करायचं म्हणूनच उपचार चाललेत, तेव्हा माझ्या आईचे आकडे त्याला लावू नका.

रातपाळी_सिस्टर

वरती छान लिहिलंय. मी रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात ११ वर्षं आहे, मी फक्त परवापासून काय होईल ते सांगते, आणि आधी एक अर्जंट गोष्ट.

लग्न व्हायचंय ना भावाचं? किमो सुरू व्हायच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं, स्पर्म बँकिंग. उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचारा. तब्येत किंवा घाई यामुळे ते नाही म्हणू शकतात, पण विचारायचं राहून गेलं असं होऊ देऊ नका. आपल्याकडे बहीण-भाऊ हे बोलत नाहीत, आई तर नाहीच, मग सहा महिन्यांनी पेशंट मलाच विचारतो की सिस्टर तेव्हा कुणी का नाही सांगितलं. तुम्हाला अवघड वाटत असेल तर वॉर्डातल्या एखाद्या ब्रदरला सांगा, ते बोलतील त्याच्याशी.

आता ७+३. सायटाराबीन नावाचं औषध सात दिवस चोवीस तास सलाइनमधून, आणि पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन, ते लाल रंगाचं असतं, लघवी लाल होते, घाबरू नका ते रक्त नाही. ते हृदयावर येऊ शकतं म्हणून आधी टू-डी एको करतात, झाला नसेल तर विचारा. ही जोडी १९७०च्या दशकापासून चालू आहे, नवीन औषधं आली पण पाया अजून तोच. ६४ हजार पेशी एकदम फुटल्या की युरिक ॲसिड, पोटॅशियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो, म्हणून भरपूर सलाइन आणि अॅलोप्युरिनॉल देतील. लघवी किती झाली ते मोजायला लावतील, कंटाळा करू नका, खरंच मोजा.

सात दिवसांनी किमो संपते पण खरी परीक्षा तिथून. मज्जा पूर्ण रिकामी होते, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे पडतात, आणि तीन-चार आठवडे परत यायची वाट बघायची. त्या काळात तोंड सोलवटतं, जुलाब होतात, केस जातात, आणि ताप. ताप १००.४च्या वर गेला की लगेच सांगायचं, दिवसा रात्री केव्हाही, आपल्या मनाने क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, तासाभरात अँटिबायोटिक लागायला हवं. डिस्चार्ज झाल्यावर घरी तर हे अजूनच पाळायचं कारण घरी मॉनिटर नसतो. मऊ ब्रश, दंडावर कमरेत इंजेक्शन नाही, भेटायला येणारे कमी. फळं, हार घेऊन पंचवीस माणसं येतात हो आमच्याकडे, मास्क हनुवटीला.

२८व्या दिवसाच्या आसपास परत मज्जा तपासतात, काही ठिकाणी १४व्यालाही. रेमिशन आली की कन्सॉलिडेशन, म्हणजे तेच सायटाराबीन मोठ्या डोसमध्ये, तीन-चार वेळा. तेव्हा डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब घालावे लागतात नाहीतर डोळे लाल होऊन चुरचुरतात. किंवा मग ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या निरोगी मज्जेच्या पेशी पेशंटला देणं, ते रिस्कवर.

आणि ताई, तुम्ही सख्खी बहीण ना? तुम्ही भावाला रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका, घरातल्या कुणीच देऊ नका. उद्या ट्रान्सप्लांटची वेळ आली तर तुम्हीच डोनर असाल आणि आधीच तुमच्या पेशींविरुद्ध त्याच्या शरीरात अँटिबॉडी तयार झालेल्या असल्या तर पंचाईत. मित्र, ऑफिसमधले, गणेश मंडळातली पोरं यांची यादी करा. एसडीपी म्हणजे मशीनवर एका डोनरकडून काढलेल्या प्लेटलेट, तास-दीड तास लागतो, पाचच दिवस टिकतात, म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी बोलावू नका.

जाता जाता, डेंग्यूत सहसा पांढऱ्या पेशी कमी होतात, ६४ हजार नाही. तुमच्या लॅबवाल्याने फोन केला तो खरंच भला माणूस.

निसर्गमित्र

ताई घाबरू नका. पपईच्या पानांचा रस दोन चमचे सकाळ संध्याकाळ, गव्हांकुराचा रस, गुळवेल. प्लेटलेट तीन दिवसांत लाखावर जातात, माझ्या पुतण्याच्या डेंग्यूत डोळ्यांनी पाहिलंय. किमोनेच माणूस जास्त खचतो हे डॉक्टर सांगत नाहीत. विचार करा.

सोमलवाला

निसर्गमित्र काका, तुमचा हेतू चांगला आहे पण हे थांबवा. डेंग्यूत प्लेटलेट मोडतात आणि आजार उतरला की आपोआप वाढतात, पपई दिली तरी न दिली तरी. इथे कारखानाच बंद पडलाय, मज्जेत ब्लास्टनी जागाच शिल्लक ठेवली नाहीये. आणि काउंट पडलेल्या माणसाला कच्च्या पानांचा रस म्हणजे मातीतली बुरशी आणि जंतू पेल्यात भरून देणं. या आजारात उपचार न करता माणूस आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत जातो.

माझं नाव बघून हसू नका. मला एम३ होता, एपीएल म्हणतात तो. मला खरंच सोमल देऊन बरं केलंय. आर्सेनिक ट्रायऑक्साइडची सलाइन आणि सोबत ॲट्रा नावाच्या कॅप्सूल, ते अ जीवनसत्त्वाचं भावंड आहे. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिक आणि शांघायच्या डॉक्टरांनी ॲट्रा शोधलं, आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीत नुसत्या आर्सेनिकवर बरंच काम झालंय. २०१३ साली एक अभ्यास आला त्यात पांढऱ्या पेशी १० हजारांच्या आत असलेल्या पेशंटना किमोशिवाय नुसतं हे दोन्ही दिलं तर दोन वर्षांनी ९७ टक्के लोक आजार न उलटता होते. पण पहिले काही दिवस मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका इतका असतो की संशय आला तरी रिपोर्टची वाट न बघता ॲट्रा सुरू करतात. आणि हो, कुणी आता वैद्याकडे सोमल मागायला जाऊ नका, ते रोज ईसीजी आणि पोटॅशियम बघून देतात, हृदयाचे ठोके बिघडतात त्याने.

ताई, माझी गोष्ट ऐकून तुम्ही डॉक्टरांना 'आम्हाला पण ते किमोशिवायचं द्या' म्हणू नका. मला निदान झालं तेव्हा मी उलट केलं होतं, दुसऱ्याच्या ७+३च्या गोष्टी वाचून रडत बसलो. नाव एक पण आजार वेगळे आहेत.

कोरेगावची_ताई

सगळ्यांचे किती आभार मानू. सिस्टर, तुमचं वाचून नवऱ्याला पुढे केलं, तो बोलला भावाशी, सकाळी सँपल दिलं, आणि दुपारी लाइन टाकली. एकोही झाला. मी परवा प्लेटलेट द्यायला रक्तपेढीत नाव लिहून आले होते, ते काढून टाकलं.

अजून एक. ट्रान्सप्लांटचा विषय निघाल्यापासून सासूबाई म्हणतात की पाठीच्या कण्यातून पाणी काढतात आणि डोनर आयुष्यभर कंबरेने अधू होतो, तुला दोन लहान मुलं आहेत. मी देणारच आहे पण त्यांना काय सांगू. आणि आम्ही दोघंच भावंडं.

भावाचा_डोनर

सासूबाईंना माझा फोन नंबर द्या, व्यनि (खासगी निरोप) करतो. मी मोठ्या भावाला दिल्या आहेत स्टेम सेल, खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटाचंच केंद्र), तीन वर्षं झाली. मणक्याला कुणी हात लावत नाही. आधी पाच दिवस पोटावर इंजेक्शनं दिली, त्याने मज्जेतल्या बीजपेशी रक्तात उतरतात. हाडं ठणकतात, विशेषतः कंबर आणि छातीचं हाड, मला तर ताप आल्यासारखं वाटलं, पॅरासिटामॉलवर भागलं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, नको तेवढं वेगळं काढून बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास पडून राहायचं, ओठांना मुंग्या येतात कारण कॅल्शियम कमी होतं, ते देतात लगेच. दुसऱ्या दिवशी मी लोकलने घरी आलो. काही वेळा कंबरेच्या हाडातूनच मज्जा काढतात भूल देऊन, तेव्हा आठवडाभर दुखतं, पण तेही कंबरेचं हाड, मणका नाही.

तुमची एचएलए टेस्ट, म्हणजे तुमच्या पेशी भावाशी जुळतात का ती, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. नाही जुळली तर संपलं असं नाही, हल्ली अर्धं जुळणारे आई-वडील, भावंडं, मुलंही चालतात, आणि दात्रीसारख्या नोंदण्यांमध्ये बाहेरचा डोनरही शोधतात. भारतात पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९८३ साली टाटाला झालं ते एएमएलच्याच ९ वर्षांच्या मुलीचं, आणि मज्जा दिली होती तिच्या भावाने. सासूबाईंना हे सांगा.

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का बघा, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडेच जा, बिलिंग काउंटरवर नको. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, पण कुठलं पॅकेज बसतं आणि गोळ्या बसतात का ते लेखी विचारा. मुंबईला जायची वेळ आलीच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर ही नावं लिहून ठेवा, लॉजवर पैसे घालवू नका.

कोरेगावची_ताई

उशीर झाला लिहायला. जीन्सचा रिपोर्ट आला. क्रोमोझोम नॉर्मल, एनपीएम१ पॉझिटिव्ह, एफएलटी३-आयटीडी पॉझिटिव्ह. भावाचा एक मित्र एमडी आहे, तो म्हणाला एनपीएम१ म्हणजे चांगला ग्रुप, आणि इथले डॉक्टर म्हणतात मधली रिस्क. दोघांपैकी कुणाचं खरं?

जुना_खेळाडू

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एनपीएम१ एकटा असता तर चांगल्या कप्प्यात. सोबत एफएलटी३-आयटीडी असेल तर २०१७च्या युरोपियन यादीत त्याचं प्रमाण कमी की जास्त बघायचे, कमी असेल तर चांगला कप्पा. २०२२ची नवी यादी आली त्यात ते प्रमाण बघणं सोडून दिलं, दोन्ही असले की मधला कप्पा. मित्र जुनी यादी धरून बोलला असणार.

एफएलटी३ आहे म्हणजे डॉक्टरांनी मिडोस्टॉरिनचा विषय काढला असेल, ८व्या दिवसापासून २१व्या दिवसापर्यंत दोन वेळा कॅप्सूल. २०१७ साली आलेल्या अभ्यासात चार वर्षांनी १०० पैकी ५१ जण हयात होते, नुसत्या किमोवर ४४. फरक छोटा दिसतो पण ते सात जण आहेत. महाग आहे, कंपनीची मदत योजना असते का ते विचाराच. आणि एनपीएम१चा एक फायदा, रेमिशननंतर रक्तात-मज्जेत त्याचा माग काढता येतो, लाखात एखादी पेशी उरली तरी सापडते, एमआरडी म्हणतात त्याला. ट्रान्सप्लांट पहिल्याच रेमिशनमध्ये करायचं का हे ठरवताना तो आकडा बघतील. डॉक्टरांना आता हे तीन विचारा, मिडोस्टॉरिन, एमआरडी केव्हा, आणि माझी एचएलए टेस्ट केव्हा.

कोरेगावची_ताई

विचारलं. यावेळी डॉक्टर दहा मिनिटं थांबले. मिडोस्टॉरिन कालपासून सुरू केलंय, माझं आणि आईबाबांचं एचएलएचं रक्त घेतलं. सासूबाई डोनर दादांशी बोलल्या, अर्धा तास, मला नंतर म्हणाल्या पोरांना मी बघते.

पांढऱ्या पेशींचा काउंट ३००पर्यंत खाली आलाय. काल रात्री सव्वादोनला १०१ ताप, सिस्टरांचं लक्षात होतं, मी लगेच बेल वाजवली, पावणेतीनला अँटिबायोटिक लागलं. सकाळी ९९ झाला. तोंड आलंय, नुसती पातळ पेज घेतोय, टक्कल करून घेतलं आणि आरशात बघून म्हणाला मी बाबांसारखा दिसतो. चुलत्यांचा परत फोन होता, काय कळलं का कितवी स्टेज, म्हणलं काका आज दिवस नववा आहे.

प्लेटलेट ८ हजार आहेत, उद्या सकाळी एसडीपी द्यायचीय. ए पॉझिटिव्ह, पुण्यात कुणी असेल, गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसेल, तर व्यनि करा. मंडळातली दोन पोरं सर्दीमुळे नाकारली.

निसर्गमित्र

माझा मुलगा ए पॉझिटिव्ह आहे. कोथरूडला असतो. व्यनि बघा.